सिक्स बाय सिक्स

माझ्या दुकानात मराठी चालते ती गिऱ्हाइकाशी घासाघीस करण्यापुरती. बाकी सगळा कारभार इंग्रजी अक्षरांचा. आर.ई. म्हणजे उजवा डोळा, एल.ई. म्हणजे डावा. एस.पी.एच. हा साधा नंबर, सी.वाय.एल. हा तिरका नंबर, पी.डी. म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. मंचरच्या एस.टी. स्टँडमागे माझं चष्म्याचं दुकान आहे आणि ही अक्षरं गिरवता गिरवता माझे केस पिकले. लोकांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी कागद हातात आला की प्रत्येक जण तो लांब धरून वाचल्यासारखं करतो आणि मग विचारतो, "म्हंजी ठीक हाय ना?" मी म्हणतो, ठीक आहे. ठीक नसलं तरी तेच म्हणतो आणि पुण्याला मोठ्या डॉक्टरकडे पाठवतो. वाईट बातमी सांगायचं सामान माझ्या दुकानात मी कधी ठेवलंच नाही.

नजर मोजायची एक शिडी असते. सगळ्यात वर सिक्स बाय सिक्स. सहा मीटरवरून जे दिसायला पाहिजे ते दिसतं, म्हणजे नजर चोख. मग नऊ, बारा, अठरा, चोवीस, छत्तीस करत साठपर्यंत खाली यायचं. साठ म्हणजे तक्त्यावरचं सगळ्यात मोठं, एकटं अक्षर. तेही दिसेना तर माणसाच्या तोंडापुढे बोटं धरायची आणि किती ते विचारायचं. कागदावर लिहायचं सी.एफ. बोटंही मोजता येईनात तर नुसता हात हलवून बघायचा, ते एच.एम. मग टॉर्च मारायचा. उजेड कळला तर पी.एल., नाही कळला तर एन.पी.एल. त्याच्या खाली लिहायला काही नाही.

ही शिडी घरातल्या माणसासाठी वापरायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं.

राजरत्न माझ्या थोरल्या बहिणीचा, चिमाबाईचा मुलगा. आम्ही तिला आक्का म्हणतो. आक्का अवसरी बुद्रुकला दिलेली. मेव्हणे लवकर वारले, आणि आक्काने लोकांच्या वावरात बटाटे काढून, कांदे भरून या एका पोराला वाढवलं. पोरगं गुणाचं निघालं. उंच, सडसडीत, बोलायला कमी. त्याच्या डोक्यात एकच होतं, पोलीस भरती. दोन वर्षं रोज पहाटे तो अवसरीच्या रस्त्यावर धावायचा आणि त्याच्या बरोबर धावायचा शौर्य. शौर्य म्हणजे गावातल्या सयाजीभाऊंचा मुलगा. त्यांची वडिलोपार्जित बागायत, आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडे. पण पोरं शाळेत एका बाकावर बसलेली, आणि बाकावरची दोस्ती बांधावरच्या भानगडींपेक्षा पुढे टिकते असा माझा अनुभव आहे.

मैदानी झाली, लेखी झाली. शौर्य लेखीत घसरला. राजरत्नचं नाव यादीत लागलं. राहिली फक्त मेडिकल.

मेडिकलची मला काडीची चिंता नव्हती, कारण ते डोळे मी स्वतः तपासले होते. याच दुकानात, याच स्टुलावर बसवून. दोन्ही डोळे सिक्स बाय सिक्स. त्याने त्याच्याही खालची ओळ घडाघडा वाचून दाखवली होती, जी मला चष्मा लावूनही नीट दिसत नाही. मी कागदावर ते आकडे जरा मोठ्या अक्षरात लिहिले, आणि आक्काने तो कागद घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवला.

आता आमच्याकडे अशी पद्धत आहे की यादीत नाव लागलं की मिरवणूक निघते. मेडिकल, पडताळणी, ट्रेनिंग ही सरकारची कामं. गावाच्या लेखी पोरगा यादी लागली त्याच दिवशी फौजदार झालेला असतो. वेशीवर फ्लेक्स लागला. त्यावर राजरत्नचा चेहरा कुणा भलत्याच माणसाच्या वर्दीवर चिकटवलेला, मान जरा वाकडी बसलेली. आक्का म्हणाली, मेडिकल होऊ द्या, मग काढा काय काढायचं ते. तिचं कुणी ऐकलं नाही. शौर्य म्हणाला, पुढच्या आठवड्यापासून लग्नाच्या तारखा आहेत, मग माझ्या लायटी मोकळ्या मिळणार नाहीत, आणि माझ्या दोस्ताच्या मिरवणुकीला दुसऱ्याच्या लायटी लागल्या तर मी तोंड दाखवणार नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट होती. मिरवणूक विहारापासून निघून वेशीतून, मोठ्या चौकातून जाणार होती. आक्काच्या लग्नाची वरात त्या रस्त्याने आली नव्हती, ओढ्याकडून वळसा घालून आणली होती. हे त्या दिवशी कुणी बोललं नाही. पण वस्तीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ते आठवत होतं, आणि सयाजीभाऊ स्वतः विहाराच्या दारात निळा फेटा घेऊन उभे राहिले तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणांचे डोळे ओले झाले. माझेही झाले. सयाजीभाऊंनी फेटा आपल्या हाताने बांधला, मागे जाऊन पुढे येऊन दोनदा बघितला, आणि म्हणाले, "आता दिसतोय सायब."

शौर्यच्या लायटी म्हणजे एक लेझरचं मशीन होतं. त्याने आणि मंचरच्या रामनाथने भागीत घेतलेलं. काळी पेटी, आणि बाजूला शौर्यने हौसेने रंगवलेलं मोराचं पीस. त्या पेटीचीही आपली अक्षरं होती. आर.जी.बी. म्हणजे लाल, हिरवा, निळा, तिन्ही एकत्र आले की पांढरा. डी.एम.एक्स. म्हणजे ज्या वायरीने किरणांना नाचवायचं ती. दहा वॅट. मी आपला दहा वॅटचा बल्ब डोळ्यापुढे आणला. एवढ्याशा उजेडाने काय होतंय, असं मलाच काय, कुणालाही वाटलं असतं.

त्या पेटीत एक इंटरलॉक होतं. आतला नाचणारा आरसा काही कारणाने थांबला तर उजेडही आपोआप बंद व्हावा, म्हणजे किरण एका जागी उभा राहू नये, अशी ती सोय. पण जनरेटरची वीज वरखाली होते आणि तेवढ्यावरून ते इंटरलॉक सारखं मशीन बंद पाडायचं. ऐन नाचात अंधार झाला की लोक शिव्या घालतात. म्हणून रामनाथने मागच्या खाचेत तारेचा तुकडा घालून त्याचं तोंड कायमचं बंद केलं होतं. आमच्या भागातले बहुतेक लाइटवाले असंच करतात. हे सगळं मला नंतर कळलं, आणि शौर्यलाही त्यात काही वावगं आहे हे नंतरच कळलं.

मिरवणूक झकास झाली. खोटं कशाला सांगू, मी नाचलो. या वयात, चष्मा खिशात ठेवून. चौकात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी केली होती, तिच्यावर राजरत्नला चढवला. गाणं थांबलं, धूर सोडला, सगळे गप्प झाले. याला ती पोरं एंट्री म्हणतात. धुरातून पांढरा झोत फिरत फिरत येतो आणि ज्याची मिरवणूक त्याच्या तोंडावर पडतो. झोत आला. राजरत्न हसत होता. तेवढ्यात जनरेटरने एक उचकी दिली, सगळे दिवे मिचकावले, आणि तो नाचणारा झोत एका रेघेसारखा ताठ उभा राहिला. पापणी लवते तेवढाच वेळ. मग पुन्हा नाचायला लागला आणि ढोल सुरू झाले.

राजरत्नने उजवा डोळा हाताने दाबला. खालून कुणीतरी ओरडलं, गुलाल गेला. सगळीकडे गुलालच होता, दुसरं काय जाणार? पोरांनी त्याला खाली घेऊन बाटलीतल्या पाण्याने डोळा धुतला. तो म्हणाला बरं आहे, आणि पुन्हा वर चढला. लोकांनी हार घातले, ते त्याने घेतले. आक्काने दोन दिवस त्या डोळ्यात गुलाबपाणी घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात आला. स्टुलावर बसला आणि डावा डोळा हाताने झाकून माझ्याकडे बघत राहिला.

"मामा," तो म्हणाला, "तुमचे कान दिसत्यात. टोपी दिसती. मधलं न्हाई दिसत."

मी तक्त्याचा दिवा लावला. म्हटलं, वाच. तो वाचेना. सगळ्यात वरचं एकटं अक्षर विचारलं. तो मान डावीकडे करी, उजवीकडे करी, आणि म्हणे, तिथं डाग आहे. मी उठून त्याच्यासमोर गेलो आणि बोटं धरली. त्याने मान कलती करून, कडेने बघून सांगितलं, तीन. बरोबर होतं. मग मी खाली बसून कागदावर आर.ई.पुढे सी.एफ. लिहिलं. त्या कागदाकडे बघून त्याने विचारलं, म्हणजे ठीक आहे ना? आणि मी, गाढव, म्हणालो, ठीक आहे, पुण्याला दाखवून येऊ.

पुण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ओ.सी.टी. काढली. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा उभा काप घेतल्यासारखा तो फोटो असतो. निरोगी माणसाचा पडदा त्यात सलग दिसतो, मधे जराशी खळी. राजरत्नच्या फोटोत मधोमध आरपार भोक होतं. खाली अक्षरं होती, एफ.टी.एम.एच. त्यांनी ती उलगडून सांगितली: पडद्याच्या मध्यभागी पूर्ण जाडीचं छिद्र. आपण ज्या जागेने वाचतो, माणसं ओळखतो, नेम धरतो, तीच जागा जळाली होती. बाई म्हणाल्या, हा गुलाल नाही, लेझर आहे, कुठे होतात तुम्ही? मग त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, एम.एल.सी. करायची का?

एम.एल.सी. म्हणजे पोलिसांत कळवायची केस. दवाखान्याने कागदावर ती तीन अक्षरं लिहिली की चौकशी होते, जबाब होतात, मशीन जप्त होतं. मी म्हणालो, करा. ठणकावून म्हणालो. माझं डोकं फिरलं होतं. त्या रामनाथची गचांडी धरावी असं वाटत होतं.

राजरत्न म्हणाला, "नगं. लिव्हू नका, मॅडम. घरातच लागलंय म्हणा."

बाहेरच्या बाकावर मी त्याच्यावर खूप तापलो. त्याने ऐकून घेतलं. मग त्याने एवढंच सांगितलं की शौर्य पुढच्या भरतीला बसणार आहे, आणि नावावर केस असली तर त्याची पडताळणी होणार नाही. "माझं काय व्हायचं ते झालं," तो म्हणाला. "त्याचं तरी हू द्या." आत बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

शौर्य त्याच संध्याकाळी आक्काच्या घरी आला आणि दारातच बसला, आत येईना. सयाजीभाऊ मागे उभे. त्यांनी आक्कापुढे हात जोडले, आणि त्या माणसाने माझ्यादेखत आयुष्यात कुणापुढे हात जोडले नव्हते. शौर्यने शपथ घेतली की पुन्हा त्या पेटीला हात लावणार नाही. त्याने हात लावला नाही, हे खरं आहे. भागी मोडली आणि पेटी रामनाथकडे गेली. मोराच्या पिसासकट.

ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅस भरतात, आणि तो गॅस भोकावर दाबून राहावा म्हणून माणसाला पालथं झोपावं लागतं. रात्रंदिवस, तोंड जमिनीकडे. जेवायचंही मान खाली घालून. भेटायला येणाऱ्यांची त्याला फक्त पावलं दिसत. चपलांवरून तो माणसं ओळखायला शिकला. माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला आहे हे मला त्याच्याकडून कळलं.

शौर्य रोज यायचा. खाटेखाली फरशीवर उताणा झोपायचा, म्हणजे दोघांची तोंडं समोरासमोर यायची, आणि माझ्या तक्त्याचा मोबाइलमधला फोटो बघून एकेक ओळ म्हणायचा. राजरत्न ती मागून म्हणायचा. अक्षरं पाठ करायची आणि मेडिकलला उजव्या डोळ्याने ती म्हणून दाखवायची, असा त्यांचा बेत. मेडिकलची तारीख अर्ज करून एकदा पुढे ढकलून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. मला हे कळलं तेव्हा मी दोघांना वाट्टेल ते बोललो. मग आक्का मला मागच्या दारी घेऊन गेली. ती रडली नाही. म्हणाली, "जयवंता, तुज्याकडं आजून तक्तं आसतील. दे." माझ्याकडे आणखी दोन प्रकारचे तक्ते होते. मी ते सुरळी करून नेऊन दिले.

पुन्हा ओ.सी.टी. काढली. या वेळी कागदावर लिहून आलं, क्लोज्ड. भोक बंद झालं होतं. आक्काने ते ऐकून वस्तीत साखर वाटली. मी तिला थांबवायला हवं होतं, पण तिचा चेहरा बघून माझी जीभ रेटेना. भोक बंद होणं म्हणजे फाटलेल्या कापडाला ठिगळ लागणं. जे सूत जळालं ते जळालंच. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या डोळ्याची नजर छत्तीसच्या ओळीपर्यंत येईल, फार तर चोवीस. त्याच्या वर नाही, आणि चष्म्यानेही नाही.

मेडिकलला मी त्याच्याबरोबर गेलो आणि बाहेर झाडाखाली उभा राहिलो. तो बाहेर आला तो हसत. मला वाटलं, झालं.

"मामा, तिथं तक्ताच न्हाई," तो म्हणाला. "टीव्हीवानी एल.ई.डी. हाय. डॉक्टर रिमोट दाबतो, की अक्षरं बदलत्यात."

डाव्या डोळ्याने त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग डावा झाकला. पडद्यावर काय आहे ते दिसत नव्हतं, म्हणून त्याने पाठ केलेली ओळ म्हटली. डॉक्टरने रिमोट दाबला आणि म्हणाला, आता वाच. राजरत्नने मान कलती करून कडेने बघायचा प्रयत्न केला. डॉक्टर वयस्कर होता. त्याने उठून याची हनुवटी हातात धरून सरळ केली आणि म्हणाला, बाळा, सरळ बघ. सरळ बघितल्यावर तिथं काही नव्हतं. हे सगळं राजरत्न मला हसत हसत सांगत होता, आणि त्याचं हसणं थांबेना तेव्हा मी त्याला झाडाच्या आडोशाला नेऊन पाठीवर हात फिरवत राहिलो.

कागदावर शिक्का बसला, अनफिट. हा शब्द आक्काला उलगडून सांगावा लागला नाही. तिने माझा तो सिक्स बाय सिक्सचा जुना कागद फोटोखालून काढला, आणि टाकायचा जीव झाला नाही म्हणून डाळीच्या डब्याखाली ठेवून दिला. वेशीवरचा फ्लेक्स कुणी काढला नाही. उन्हाने त्यातला लाल रंग आधी उडाला, मग चेहरा, वर्दी मात्र बरेच दिवस टिकली.

पुढच्या भरतीत शौर्य निवडला गेला. त्याने मिरवणूक काढू दिली नाही. ट्रेनिंगला जाण्याआधी माझ्या दुकानात येऊन म्हणाला, मामा, डोळे तपासा. तोवर मी राजरत्नला दुकानात घेतला होता. तपासायचं काम तोच करी, चांगलं करी, गिऱ्हाइकांवर माझ्यासारखा खेकसत नसे. त्याने शौर्यला स्टुलावर बसवला, एक डोळा झाकायला सांगितला. शौर्य शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेला. राजरत्नने कागदावर लिहिलं, आर.ई. सिक्स बाय सिक्स, एल.ई. सिक्स बाय सिक्स. माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं. शौर्य गेल्यावर म्हणाला, दोघांतला एक तरी लागला, मामा. मला वाटलं, चला, या सगळ्या नासाडीतून एवढं तरी वाचलं. तोही त्याच्यावरच दिवस काढत होता, हे मला दिसत होतं.

गेल्या लग्नसराईत एक जोडपं दुकानात आलं. पारगावचं. पोराच्या हातावर हळद, पोरीच्या हातात हिरवा चुडा, दोघंही जागरणाने सुकलेली. पोरगा म्हणाला, वरातीत डोळ्यात गुलाल गेलाय, काही थेंब द्या.

राजरत्नने नवऱ्या मुलाला स्टुलावर बसवलं, उजवा डोळा झाकायला लावला, आणि म्हणाला, माझ्या नाकाकडं बघा. पोराने आपली मान हळूच एका बाजूला कलती केली. ती कलती मान मी ओळखली. राजरत्नने बोटं धरली, मोजून घेतली, कागदावर एल.ई.पुढे सी.एफ. लिहिलं. मग सरळ विचारलं, मशीनवर मोराचं पीस होतं का?

"व्हतं की," पोरगा म्हणाला. "तुमाला कसं ठावं?"

बायको कागद लांब धरून बघत होती. तिने विचारलं, "म्हंजी ठीक हाय ना?"

"न्हाई," राजरत्न म्हणाला. "ठीक न्हाई, ताई."

माझ्या दुकानात हे वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं. त्याने सगळं सांगितलं. पडदा, भोक, ऑपरेशन, पालथं झोपणं, आणि त्यानंतरही काय परत येणार नाही ते. पुण्याच्या दवाखान्याचा पत्ता दिला. आणि म्हणाला, तिथं विचारतील एम.एल.सी. करायची का. हो म्हणा. काही झालं तरी हो म्हणा, म्हणजे ते मशीन जप्त होईल. मी बरोबर येतो, जबाब मी देतो.

नवरा बायकोकडे बघायला लागला. ती खाली बघून चुडा फिरवत होती. मग म्हणाली, "रामनाथच्या मशीनमदी माज्या भावाची भागी हाय. त्यानंच हौसंनं आणलं व्हतं. कालच लगीन झालंय, पावणं. भावावर केस कशी टाकू?"

पुण्याच्या त्या बाकावर राजरत्नने स्वतः जे सांगितलं होतं तेच ती सांगत होती. ती उठली आणि दारात वळून म्हणाली की भाऊ तर आज पुन्हा निरगुडसरला जाणार आहे, तिथल्या एका पोराचं नाव भरतीच्या यादीत लागलंय, त्याची मिरवणूक आहे.

संध्याकाळी राजरत्नने माझ्याकडे मोटारसायकलची किल्ली मागितली. म्हणाला, मामा, त्या दिवशी मी ती एम.एल.सी. लिहू दिली असती तर. मी त्याला म्हणालो की तसं काही नसतं, जप्त झालेली मशीनं सुटतात, नाहीतर दुसरी येतात. ते खरंही असेल. त्याने ऐकलं आणि किल्ली घेऊन गेला.

सकाळी मी दुकानावर आलो तर तो आधीच येऊन शटर वर करत होता. त्याच्या कानामागे, मानेवर गुलाल होता. मी विचारलं. त्याने सांगितलं की तो वेळेत पोचला होता. रामनाथला सांगितलं, त्या पोराच्या बापाला सांगितलं, पोरालाही सांगितलं. मशीन काही बंद झालं नाही, पण ते लोक चांगले होते. त्यांनी त्याला ओळखलं, अवसरीचा यादीत लागलेला पोरगा म्हणून, आणि पाहुण्याचा मान द्यायला ट्रॉलीवर चढवलं. फेटा बांधला, गुलाल लावला.

"मग?" मी म्हणालो.

"एंट्रीचं गाणं थांबलं तवा मी मशीनकडं पाठ करून हुबा राह्यलो, मामा. त्यो पोरगा झोताकडं तोंड करून हसत व्हता."

तो आत गेला. त्याने मोरीत कान धुतला, तक्त्याची काच पुसली, दिवा लावून बघितला. मग भिंतीकडचं स्टूल उचलून तक्त्यासमोर आणून ठेवलं. एवढ्या सकाळी आमच्याकडे कुणी येत नाही, असं मी म्हणालो.

"आज येतील," तो म्हणाला, आणि रस्त्याकडे बघत बसला.